तिसरी वाटी

शीतल मला गुंगीचं काहीतरी देतो आहे, असा संशय मला पहिल्यांदा आला तो डेअरीतल्या तीन वाट्यांमुळे.

शीतल म्हणजे माझा नवरा. आमच्या जयसिंगपूर-सांगलीकडच्या जैनांत पुरुषांचंही नाव शीतल असतं, तेव्हा गोंधळायचं कारण नाही. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते. इथे नावानं लिहिते आहे, कारण संशयिताला कोणी अहो म्हणत नाही. आणि तीन वाट्या म्हणजे माझी नोकरी. मी विनया मगदूम, कृष्णाकाठच्या एका सहकारी दूध संघात चव-वास विभागाची प्रमुख. दूध तपासायला आता २०४१ साली यंत्रं काय कमी आहेत? ती फॅट सांगतात, युरिया पकडतात, धुण्याचा सोडा पकडतात. पण म्हशीनं काल कांद्याची पात खाल्ली होती, किंवा किटली चुलीच्या धुराशेजारी ठेवली होती, हे अजून माणसाच्या नाकालाच आधी कळतं. त्या नाकाची परीक्षा म्हणजे तीन वाट्या. दोन वाट्यांत एकच दूध, तिसरीत वेगळं. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, थुंकायचं आणि वेगळी वाटी पुढे सारायची. संघातल्या प्रत्येक नव्या नाकाची ही परीक्षा मी घेते, आणि महिन्यातून एकदा माझी स्वतःचीही देते, सगळ्यांसमोर.

त्या दिवशी तिसऱ्या वाटीतल्या दुधाला मुरघासाचा, म्हणजे आंबवलेल्या चाऱ्याचा, वास होता. नंतर सगळ्यांनी सांगितलं की तो वाटी उचलायच्या आधीच येत होता. मी मोठ्या खात्रीनं पहिली वाटी पुढे सारली.

उज्ज्वला, माझी सहायक, वाट्या गोळा करायच्या निमित्तानं खाली बघत राहिली. पण मला घाबरवलं ते चुकण्यानं नाही. चुकले आणि मला काहीच वाटलं नाही, यानं घाबरवलं, तेही उशिरा. एरवी मी त्या दुधाचा, गवळ्याचा आणि गवळ्याच्या बापाचा उद्धार केला असता. त्या दिवशी हात धुतले, घरी आले, कुकर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना एकदम मनात आलं, विनया, तुझा राग कुठे गेला?

मग मी आठवायला लागले.

इतरांना औषध लागू पडतं, मला चढतं. सर्दीच्या गोळीचे मी चार तुकडे करते, त्यातला एक घेते आणि तरी दुपारभर भिंत धरून चालते. खोकल्याच्या औषधाच्या एका चमच्यानं मी सख्ख्या बहिणीच्या लग्नात मुठीत अक्षता घेऊन झोपले होते, फोटो आहे. डॉक्टर म्हणायचे, एवढ्याशा डोसनं असं काही होत नाही, मनाचे खेळ आहेत. त्यामुळे मला दोन सवयी लागल्या. गोळ्यांचे तुकडे करायची, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे धरून चालायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मी तर पाणीसुद्धा हुंगून पिते.

पाळी जायला आली तेव्हा माझे हाल कुत्रा खाईना. भर मीटिंगमध्ये छातीपासून कानापर्यंत वाफा यायच्या. बटरच्या शीतगृहात मी 'स्टॉक बघते' म्हणून जाऊन उभी राहायचे. झोप उडाली, बोटांचे सांधे धरले, आणि चहात साखर विसरली म्हणून रडू यायला लागलं. नवऱ्याचं नाव शीतल आणि घरात भट्टी, वहिनी, असा विनोद नणंदेनं केला तेव्हा मी पानावरून उठून गेले.

मिरजेच्या डॉ. नसीमा मुजावर या पहिल्याच डॉक्टर, ज्यांनी मनाचे खेळ म्हटलं नाही.

"औषध मोडायचं काम यकृत करतं," त्या म्हणाल्या. "काहींचं ते काम सावकाश चालतं. दुसरीच्या अंगातून जे औषध संध्याकाळी निघून जातं, ते तुमच्या अंगात दुसऱ्या दिवशीपर्यंत मुक्काम करतं. यात मन कुठे आलं?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि ते केंद्र भित्रं होतं. अंग जरासं गरम झालं की त्याला वाटतं आग लागली, आणि ते घामाचे सगळे नळ सोडून देतं. बाहेरून थोडं इस्ट्रोजेन दिलं की त्याची भीती जाते. पण गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देता येत नाही, आतलं अस्तर वाढत जातं. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं. आणि माझ्यासारखीची खरी अडचण तिथे होती. प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडताना त्यातून एक पदार्थ निघतो आणि तो मेंदूतल्या ज्या कुलपाला झोपेच्या गोळ्या लागतात, त्याच कुलपाला लागतो. बहुतेक बायकांना त्यानं झोप चांगली येते. काहींचं मात्र दिवसाही धुकं उतरत नाही.

"म्हणून तुम्हाला गोळी नको," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी देऊ."

पट्टी दंडाला चिकटवायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्या पोटाला केसाहून बारीक शेकडो सुया. निम्म्या चाखणाऱ्या, निम्म्या वाढणाऱ्या. चाखणाऱ्या सुया कातडीखालच्या पाण्यातली संप्रेरकं मोजतात, घाम आणि झोप मोजतात. वाढणाऱ्या सुया त्याप्रमाणे औषध कमीजास्त सोडतात. गोळीचे मी चार तुकडे करते, ही पट्टी हजार करते.

एक गोष्ट मात्र तिला मोजता येत नाही. बाईला कसं वाटतंय, ते. अंगातला तोच आकडा एकीला मानवतो, दुसरीला नाही. म्हणून ती रोज सकाळी मोबाइलवर विचारते, आज कसं वाटतंय? छान, ठीक, की बरं नाही? आणि धुक्यातल्या माणसाला आपण धुक्यात आहोत हे कळेलच असं नाही, म्हणून घरातल्या आणखी एकाला विचारते, आज त्या कशा आहेत? त्या माणसाला 'सोबती' म्हणतात.

"सोबती कोणाला करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे आहेत की," मी म्हणाले. मी शीतलकडे वळून बघितलंसुद्धा नाही. नवरा बसलेला असताना हा काय प्रश्न झाला?

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला पट्टीनं माझं सोनं केलं. वाफा थांबल्या. रात्रभर झोप लागली. बोटं मोकळी झाली. मी डॉक्टरांना पेढ्यांचा डबा पाठवला. मग कधी, कसं, ते सांगता येणार नाही, पण माझ्यावर साय धरत गेली. मी रोज सकाळी पट्टीला 'ठीक' आणि पुढे पुढे 'बरं नाही' असं सांगत होते. डोकं जड आहे, शब्द सापडत नाहीत, असं खाली लिहितही होते. पट्टी 'नोंद घेतली' म्हणायची. धुकं तसंच राहायचं.

आणि मग वाट्या चुकल्या.

आता शीतलवरच संशय का? कारण माझ्या 'नाही'चा त्रास फक्त त्यालाच होता. तो भूगोलाचा प्राध्यापक, वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला. पुण्याला आमच्या मुलीनं, ऋचानं, मोठं घर घेतलं होतं आणि तिथे कायमचं राहायला जायचं त्याच्या मनात होतं. माझी नोकरी अजून होती, संघ माझा होता, जयसिंगपूरच्या गल्ल्या माझ्या होत्या. मी वर्षभर नाही म्हणत होते. आणि वाट्या चुकायच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो म्हणाला होता, "जाऊ या की गं पुण्याला." मी म्हणाले होते, "जाऊ या."

मी. असं. म्हणाले होते. आणि त्यानं लगेच ऋचाला फोन करून सांगितलं होतं, आई तयार झाली.

संशय घेणं हा माझा धंदा आहे. दूध वरून चांगलं दिसलं की जास्त हुंगायचं, असं मी नव्या पोरींना शिकवते. तेव्हा मी घर हुंगायला लागले. रोज सकाळी चहा झाला की शीतल चष्मा लावायचा, मोबाइलवर एकदा बोट टेकवायचा आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा. बाकी दिवसभर त्याचा मोबाइल उताणा असतो. तेवढ्याच वेळी पालथा.

"काय लिहिता हो?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. तुझं ते आपलं नेहमीचं," तो म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा शोधायला उठला. पुडा त्याच्यासमोरच होता.

संघातही मला काही बरं दिसेना. चाळिशी-पन्नाशीतल्या निम्म्या बायकांच्या दंडावर पट्टी होती. डब्याच्या सुट्टीत आमच्याकडे पूर्वी रोज जुंपायची. रजेवरून, लोणच्यावरून आणि मुख्य म्हणजे पंख्याखालच्या खुर्चीवरून. त्या खुर्चीसाठी दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता 'तुम्ही बसा', 'नाही, तुम्ही बसा' असं चाललं होतं, आणि शेवटी खुर्ची रिकामी राहायची. सगळ्या भिंतीकडेला बसून शांतपणे भाकरी खायच्या. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून माझ्या अंगावर काटा आला.

मी उज्ज्वलाला बाजूला घेतलं. ती शिरोळची, आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' असंच बोलते.

"मॅडम, मी सांगतो तसं करा," ती म्हणाली. "टिकल्या हायत न्हवं घरात?"

तिनं बाही वर केली आणि पट्टीची कड नखानं उचलून दाखवली. पट्टी आणि कातडी यांच्यामध्ये मरून रंगाच्या चार टिकल्या चिकटवलेल्या होत्या.

"जेवढ्या टिकल्या, तेवढ्या सुया मुक्या," ती म्हणाली. "गोळी मोडून खायची न्हाई का आपण, तसंच. समद्या बायका लावत्यात."

"बरं वाटतं?"

"दोन दिस वाटतंय. मग हाय तसंच."

तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण गोळ्यांचे तुकडे करण्यात जन्म गेलेल्या बाईला ही युक्ती अशी पटली, की घरी जाऊन मी बाथरूमच्या आरशावरच्या सगळ्या टिकल्या उतरवल्या.

आणि खरोखर, साय फाटली. कुकरच्या रबराचा वास आला, शेजारच्या लसणीच्या फोडणीचा आला, शीतलच्या शर्टाच्या कॉलरचा आला. मी फोन करून ऋचाला सांगितलं, पुण्याचं मी काही नक्की केलेलं नाही. शीतल पेपर वाचत ऐकत होता. मग दोनच दिवसांत धुकं परत आलं, आणि त्यानंतरच्या एका दुपारी घामानं टिकल्या सुटल्या तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या अशी झोपले, की उज्ज्वलाला तोंडावर पाणी मारावं लागलं.

आज मला कळतं काय झालं होतं ते. टिकल्यांनी अंगातला आकडा उतरला, तो चाखणाऱ्या सुयांना कळला, आणि उघड्या राहिलेल्या सुयांतून पट्टीनं दुप्पट वाढायला सुरुवात केली. टिकल्या पडल्यावर सगळ्याच सुया त्या दुप्पट मापानं वाढायला लागल्या. संघातल्या सगळ्या बायका आपापल्या टिकल्यांनी पट्टीला जास्त द्यायला शिकवत होत्या. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मी पुण्याला नाही म्हणाले, आणि मला झोपवण्यात आलं.

पट्टी उपटून फेकता आली असती. पण मग वाफा परत आल्या असत्या, आणि नवऱ्यानं मला काय केलं हे कधीच कळलं नसतं. मला ते कळायला हवं होतं. संसारात शंका शिरली की घास गोड लागत नाही. मी त्याच्या हातचा चहासुद्धा सिंकमध्ये ओतत होते.

मला परीक्षा एकच येते. मी घरात तीन वाट्या मांडल्या.

पहिल्या दिवशी नेहमीसारखी वागले. दुसऱ्या दिवशी शीतलशी एक शब्द बोलले नाही, आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि त्याचे जिवापाड जपलेले जुने नकाशे उचलून माळ्यावर टाकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखी. माझा हिशेब असा, की दुसऱ्या दिवशीचं तो पट्टीला 'बरं नाही' असं सांगणार, आणि त्याबरोबर मला गुंगी वाढणार. चोर हातात.

गुंगी वाढली नाही. कमीही झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं बोट टेकवलं, मोबाइल पालथा केला, आणि माझा धीर सुटला.

"तेरवा काय लिहिलंत माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"तेरवा? छान."

"काल?"

"छान."

"आणि मी बोलत नव्हते त्या दिवशी? आमटी तोंडात घालवत नव्हती."

"मीठ होतं जरा जास्त," तो म्हणाला. "पण ते मशिनला कशाला सांगायचं? घरातलं घरात."

"म्हणजे त्या दिवशीही छान?"

"छानच की." त्यानं मोबाइल उलटून माझ्यापुढे सरकवला. चेहरा कसनुसा झाला होता. "बघ हवं तर. मी तुझ्याबद्दल एकदासुद्धा वाईट लिहिलेलं नाही. एवढं धुतल्या तांदळासारखं दुसरा कुठला नवरा वागला असता?"

"मग पालथा का ठेवता?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू बघितलंस की म्हणशील, मला विचारून लिहा," तो शेवटी म्हणाला. "आणि विचारलं की तू खरं सांगणार. मग ते लिहायला लागणार."

मी त्याच्यापुढे तीन वाट्या मांडल्या होत्या आणि त्याला वेगळी ओळखता आली नव्हती. ओळखणार कशी? त्यानं एकही चाखलीच नव्हती. मला रडू यायला हवं होतं आणि तेही धुक्यात कुठेतरी अडकून बसलं. मी त्याला म्हणाले, चप्पल घाला, मिरजेला जायचंय.

डॉ. मुजावरांनी माझी पट्टी त्यांच्या संगणकाला जोडली. सगळ्या नोंदी उलगडून बघितल्या.

"पट्टीला तीन साक्षी मिळतात," त्या म्हणाल्या. "एक तुमची, एक सोबत्याची, एक सुयांची. सुया म्हणतात वाफा नाहीत, झोप भरपूर, म्हणजे छान. सोबती म्हणतात छान. तुम्ही म्हणता बरं नाही. तिघांत दोघांचं जुळलं. मग यंत्रानं जो वेगळा होता त्याला बाजूला सारलं."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. म्हणजे परीक्षा यंत्रानंही तीच घेतली होती. तीन वाट्या. वेगळी वाटी मी होते.

"पण मग औषध वाढत का गेलं?" शीतलनं विचारलं.

"वाढवलं की वाफा आणखी कमी. तुमचं छान तर ठरलेलंच. थांबायला त्याला कारणच मिळालं नाही." डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "आणि थोडं माझ्यामुळे. सुरुवातीला मी यांच्या नावापुढे 'औषधांना अतिसंवेदनशील' असं लिहिलं होतं, जपून द्यावं म्हणून. यंत्रानं त्याचा अर्थ लावला की ही बाई तक्रार जास्त करते."

मनाचे खेळ. तेच ते. आता ते यंत्राला कोणी शिकवलं नव्हतं, ते आपलं आपण शिकलं होतं.

डॉक्टर मग दुसऱ्या पेशंटच्या नोंदी उघडत गेल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. नवरा, सासू, सून, बहीण, सोबती कोणीही असो, उत्तर एकच. पूर्ण तालुक्यात एकाही घरात एकही बाई एकाही सकाळी 'बरं नाही' नव्हती.

"हे यंत्र परदेशात शिकलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथले सोबती म्हणे रोज कुरकुर करायचे. आपल्याकडे कोणी कसं काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे पाळण्यातच शिकवतात. मीही माझ्या अम्मीचं छानच लिहिते."

परतीच्या वाटेवर अंकलीचा पूल आला. शीतल म्हणाला, "मला वाटायचं, मी तुझी बाजू घेतोय."

माझा संशय खोटा नव्हता. माझा नवरा मला गुंगी देतच होता, रोज सकाळी, चहानंतर, प्रेमानं. हे कळल्यावर मला त्याचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा येईना, आणि येत नाही याचा मात्र आला.

पट्टीचं माप डॉक्टरांनी तिथल्या तिथे खाली आणलं होतं. पण ते टिकायचं तर साक्ष बदलायला हवी होती, आणि सोबत्याशिवाय पट्टी चालत नाही. कंपनीला कळवते, पण त्यांना वेळ लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या. तोवर सोबती बदला, ती तुमची उज्ज्वला चालेल. शीतल खाली मान घालून बसला होता. मी म्हणाले, "नको. हेच राहू देत. नवं नाक तयार करायला मला येतं."

नवीन आलेल्या पोरींना सुरुवातीला दुधाबद्दल दोनच शब्द येतात, चांगलं आणि वाईट. मग हळूहळू त्यांना कडवट सापडतं, धुरकट सापडतं, पत्र्याचा वास सापडतो. शीतलचं तसंच झालं. पहिल्या सकाळी तो माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. "मला काय कळणार गं, तू कशी आहेस?" म्हणाला. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस. मी म्हणाले, "पिशवीवर लिहिलेलं वाचू नका. दूध बघा."

मग एक दिवस म्हणाला, डोळे जड दिसतात. एक दिवस म्हणाला, वाक्य अर्ध्यात सोडतेस. एक दिवस म्हणाला, "तू चहा हुंगत नाहीस. पूर्वी हुंगायचीस, आता नुसती गिळतेस." त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा 'बरं नाही' लिहिलं, तेही दार लोटून घेऊन, जसं काही तो भर चौकात माझी बदनामी करत होता.

माप उतरत गेलं. वाफा थोड्या परत आल्या, पण भट्टी नव्हे, शेगडीपुरत्या. तेवढ्या मी सोसते. पुढच्या परीक्षेत दुसरी वाटी मी उचलायच्या आधीच पुढे सारली आणि गवळ्याच्या बापाचा उद्धार केला. सगळ्या पोरी हसल्या. आम्ही टिकल्या कपाळावर परत आणल्या, आणि डॉक्टरांनी संघात येऊन सगळ्यांच्या सोबत्यांना एक तास समजावलं. उज्ज्वलाच्या सासूनं ठणकावून सांगितलं, "माझ्या सुनंला बरं न्हाई असं मी लिवू? लोक काय म्हणतील?" पण लिहिलं. पंधरवड्यानं डब्याच्या सुट्टीत पंख्याखालच्या खुर्चीवरून उज्ज्वलाची आणि अकाउंट्सच्या बाईंची अशी जुंपली, की मला मध्ये पडावं लागलं. मी मध्ये पडले, आणि खुर्चीत स्वतः बसले.

पुण्याचं मी शीतलला शुद्धीत, स्वच्छ आवाजात नाही म्हणून सांगितलं. त्याचं तोंड पडलं. पट्टीला त्यानं त्या दिवशी 'छान' लिहिलं, आणि मोबाइल उताणा ठेवला.

एक संशय मात्र गेला नाही. तो बहुधा जाणारही नाही. कधी संध्याकाळी शीतल माळ्यावरून काढलेले नकाशे पुसत बसलेला असतो, आणि मला त्याच्याबद्दल एकदम माया दाटून येते. मग मी लगेच हुंगून बघते. ही माझी की पट्टीची? दोन्हीचा वास सारखाच येतो.

दिवाळीला ऋचा आली. सकाळी तिघं चहाला बसलो होतो. शीतलनं चष्मा लावला आणि आता रोज विचारतो तसं विचारलं, "कशी आहेस?"

"छान," मी म्हणाले.

त्यानं बोट उचललं नाही. माझ्याकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "रात्री दोनदा उठून बसली होतीस. आता पदरानं कपाळ टिपलंस. चहा हुंगला नाहीस. पोरगी आलीय म्हणून म्हणतेस."

आणि त्यानं माझ्यासमोर, पोरीसमोर, 'बरं नाही'वर बोट टेकवलं.

"मी सांगितलेलं ऐकलं नाहीत तुम्ही," मी म्हणाले.

"ऐकलं की. पटलं नाही."

मला राग आला. चांगला, खणखणीत, माझा स्वतःचा राग. ह्यांची हिंमत कशी झाली, असा. तो पुरता येऊन गेला आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. ऋचा घाबरून दोघांकडे बघत होती. मी माझा मोबाइल उचलला. त्यावर मी मघाशीच बोट 'छान'वर नेऊन ठेवलं होतं, फक्त दाबायचं राहिलं होतं.

मी बोट खाली सरकवलं आणि 'बरं नाही' दाबलं. मग चहाचा कप नाकाशी नेला. दूध जरा करपलं होतं.

दोन वाट्यांचं जुळलं होतं. आता वेगळी निघालीच, तर ती पट्टीच्या सुयांची.